तांदळाच्या डब्यातली लेन्स

दासगावला रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि बघते तर घर नाही. तीन पायऱ्या चढून जायचं ते कौलारू घर, पुढची पडवी, पडवीच्या कठड्यावर वाळत घातलेली आमसुलं, काहीच नाही. महामार्ग रुंद झाला आणि जिथे आम्ही चपला काढल्या होत्या तिथून आता ट्रक जातात. मागची खाडी तेवढी तशीच होती. ओहोटीची वेळ, उघडा पडलेला चिखल आणि त्या चिखलाचा वास.

मी एका बारशाचे फोटो काढायला आले होते. काम आटोपून पोलादपूरला परत निघायचं, एवढंच होतं. पण तो वास आला आणि चैत्रातली एक दुपार, बाबांचा घामेजलेला सदरा, अर्धवट लोटलेलं एक दार, सगळं एकदम वर आलं. त्याबरोबर एका बाईविषयीचा जुना राग पण आला. तो मी इतकी वर्षं नीट जपून ठेवला होता.

तेव्हा मी महाडच्या बाजारपेठेत एका फोटो स्टुडिओत कामाला होते. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. सकाळची पहिली एसटी धरायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत. स्टुडिओत गोंदाचा, जुन्या पडद्याचा आणि तापलेल्या दिव्यांचा वास असायचा. मी अल्बम लावायची, पासपोर्टचे फोटो कापायची, शेठ लग्नाला गेले की काउंटर सांभाळायची. स्टुडिओच्या मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. शिकवायचे सगळं, पण कॅमेरा हातात द्यायचे नाहीत. "तू मुलगी, लग्नाच्या गर्दीत कुठे शिरणार?" म्हणायचे. राब भाजायच्या दिवसांत घरी जाताना एसटीच्या खिडकीतून धूर आत यायचा. शेतांत पालापाचोळा जळत असायचा, बायका हातात डहाळ्या घेऊन आगीच्या कडेने उभ्या असायच्या, आणि मी खिडकीशी बसून नुसत्या डोळ्यांनी फोटो काढायची.

त्या वर्षी आमच्याच वाडीतल्या एका मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. तिची आई घरी आली. म्हणाली, "फोटोला बायमाणूस असंल तर बरं गो. हळदीला, न्हाणाला बाप्ये नकोत आत. तूच काढ." मी हो म्हणून बसले. आणि कॅमेरा तर नव्हता.

मग वहीच्या मागच्या पानांवर मी रोज जोड्या लावू लागले. कॅमेऱ्याची नवी बॉडी घ्यावी, तर तिच्याबरोबर येते ती साधी लेन्स मांडवातल्या अंधुक उजेडात काही कामाची नाही. चांगली लेन्स घ्यावी, तर बॉडीला काही उरत नाही. जुनी बॉडी आणि एकच लेन्स, की जुनी बॉडी आणि दोन लेन्सा? पन्नास एमएमची छोटी, की लांबचं जवळ आणणारी मोठी? माझा जीव मोठीवर होता. ती असली की मांडवाच्या टोकाला आंब्याखाली उभं राहायचं आणि तिथूनच नवरीचे डोळे टिपायचे. बाप्यांच्या घोळक्यात शिरायला नको, कुणाचा धक्का नको, "ही कोण मधे मधे?" असं कुणी म्हणायला नको.

शेठना आडून विचारलं. ते म्हणाले, "पैसे काचेत घालावेत. बॉडी म्हणजे डबा, दोन-चार वर्षांत जुना होतो. काच जन्माची." मग जुनी काच कशी पारखायची तेही त्यांनी सांगितलं. टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का बघायचं. स्क्रूच्या खाचेत माती आहे का बघायचं. रिंग फिरवताना खरखर लागते का बघायचं. आणि वास घ्यायचा. "महाडात कुठलीही जुनी वस्तू घेताना वास घे. पाणी कुणाच्या दुकानात किती शिरलं होतं, ते तोंडाने कोणी सांगत नाही."

महाडात राहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सावित्री बाजारात शिरते, दोन दिवसांनी निघून जाते आणि मागे तो करडा गाळ ठेवते. कपाटाच्या मागे, शिलाई मशीनच्या पोटात, देवांच्या तसबिरींच्या काचेआड. मग वस्तू धुतात, उन्हात मांडतात, पुसतात आणि वर्षभराने कुणी तरी ती कुणाला तरी विकतो, "पाणी लागलं नाय हो" म्हणून. आमच्याकडे प्रत्येक घरात अशी एखादी फसवून गळ्यात मारलेली वस्तू आहे. त्यामुळे जुन्या मालाला हात लावताना आधी नाक पुढे जातं.

अशात एक दिवस दासगावच्या एक बाई स्टुडिओत आल्या. शेठ नव्हते. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "जुना कॅमेरा इकायचा हाय. लेन्सा पण हायत. कुणी असंल तर सांग गो." मी म्हटलं, "मलाच हवाय, काकू. फोन नंबर द्या." त्या घाबरल्यासारख्या झाल्या. "फोन नको करू. सोमवारी दुपारी ये. जेवणं झाल्यावर."

घरी बाबांना सांगितलं. बाबा पुष्कळ वर्षं मुंबईला गोदामात राबून गावी परतलेले. तिकडून ते दम्याचा खोकला, दोन-चार हिंदी शब्द आणि माणसांविषयीचा पक्का अविश्वास घेऊन आले. बैल घेताना दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचे, मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत बसायचे आणि शेवटी म्हणायचे, "बैल बरा हाय, मालक बरा नाय." असे कितीतरी बैल आमच्या गोठ्यात आले नाहीत.

"फोन नको? दुपारीच ये?" बाबा म्हणाले. "चोरीचा माल असंल, बाय. मी येतो बरोबर."

सोमवारी आम्ही दासगावला उतरलो. काकूंनी पडवीत चटई टाकली. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्या आत गेल्या, दार पुन्हा लोटून घेतलं आणि काखेत कॅमेऱ्याची पिशवी, हातात स्टीलचा मोठा डबा घेऊन आल्या. डब्यात तांदूळ होते. त्यांनी हात कोपरापर्यंत तांदळात घातला आणि अढीतून पिकलेले आंबे काढावेत तशी कापडात गुंडाळलेली एक लेन्स काढली, मग दुसरी. "पावसाची ओल लागू नये म्हणून ह्यांची रीत," त्या म्हणाल्या.

पहिली पन्नासची, पेढ्याएवढी. दुसरी ती मोठी.

मी ती हातात घेतली आणि मला बाकी काही दिसेना. तिचं वजन, थंडगार धातू, रिंगच्या खाचांत अडकलेली तांदळाची पांढरी पिठी. टॉर्च मारला. आत विहिरीच्या तळासारखं स्वच्छ. वास घेतला तर तांदळाचा आणि थोडा कापराचा. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या. रिंग लोण्यासारखी फिरली.

"आत कोण हाय?" बाबांनी मधेच विचारलं.

"कोण नाय," काकू म्हणाल्या. तेवढ्यात आतून कुणी तरी खोकलं. काकूंनी पदर सारखा केला. "म्हणजे हे हायत. झोपलेत. जरा हळू बोला, भाऊ."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं कळलं. मग त्यांनी घासाघीस सुरू केली, हळू आवाजात, पण अर्धा तास. काकू लवकर लवकर खाली येत होत्या. बाबा जितकं कमी म्हणत तितक्या त्या मान डोलवत. हे तर आणखीच वाईट. ज्या मालाचा मालक भांडत नाही, त्या मालात खोट असते, हे मलाही बाबांनीच शिकवलेलं.

मी कॅमेऱ्याला पन्नासची लावली, समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रोखली आणि बटण दाबलं. खट्.

आत खाट करकरली. "कोण गो?" पुरुषाचा आवाज आला. "शटर कोण मारतंय?"

काकूंचा चेहरा एकदम उतरला. दार उघडलं. बनियन आणि लेंगा घातलेला एक उंच माणूस भिंतीला हात लावत बाहेर आला. डोळे उघडे होते, पण बघणं आमच्या डोक्यांवरून पलीकडे जात होतं. दासगावचे अण्णा फोटोवाले. महाडात त्यांचं दुकान होतं हे मी ऐकलेलं. साखरेने डोळे गेल्याचं मात्र मला ठाऊक नव्हतं.

"मी इकायला काढलंय," काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. "औषधं कशी आणायची? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही देऊ दिलं नसतं."

अण्णा भिंत सोडून पुढे आले. चटईच्या कडेला पायाने अंदाज घेत खाली बसले आणि हात पुढे केला. "दे." मी बॉडी त्यांच्या हातात दिली. बोटं तिच्यावरून फिरली, ओळखीच्या गुरावरून फिरावीत तशी. कानाशी धरून त्यांनी दोनदा शटर मारलं. "बरा हाय. अजून पुष्कळ चालंल." पन्नासची हातात घेतली, अंगठ्याने काचेची कड चाचपली, परत दिली. "ही पण बरी."

मग मोठी लेन्स. ती त्यांनी मांडीवर घेतली. दोन्ही हात तिच्यावर ठेवून ते बसून राहिले. खूप वेळ. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ पडवीत आली, खाली बसली.

"ही नको घेऊ, पोरी," ते म्हणाले.

"का?"

"पुराची हाय. दुकानात पाणी शिरलं तेव्हा खालच्या कप्प्यात होती. पुसून सुकवलेली. आज चांगली दिसंल. एक पावसाळा गेला की आत बुरशी धरंल."

काकूंनी झटकन वर पाहिलं. "अहो, पण ती तर..."

"तू गप गो."

काकूंचं उघडं तोंड मिटलं. मग चटईवर सांडलेले तांदूळ त्या एकेक करून वेचायला लागल्या. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा असाच असतो, असं मला वाटलं. म्हणजे हिनेच रिंगच्या खाचांतला गाळ काढला असणार. हिनेच कापूर घातला असणार, वास जावा म्हणून.

काकू उठल्या, चहा घेऊन आल्या. बाबांनी कप सरकवला. "आम्ही घेत नाय." मग म्हणाले, "वहिनी, आंधळ्या माणसाच्या घरात राहून असं करू नये."

ते वाक्य पडवीत तसंच राहिलं. काकूंनी तो कप उचलला. अण्णांची मान मात्र खाली गेली.

आम्ही बॉडी आणि पन्नासची घेऊन निघालो. पायऱ्या उतरताना अण्णांनी हाक मारली. "लग्नाचे काढणार ना? मग ही पुरे. लांबून काढू नको. जवळ जा."

परतीच्या एसटीत मी अण्णांच्या सचोटीचे गोडवे गात होते. बाबा खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "खरं बोलायला माणूस एवढा वेळ घेत नाय, बाय." मला राग आला. या माणसाला कुणाचं चांगलं म्हणून दिसतच नाही, असं वाटलं.

वैशाखातल्या त्या लग्नात मी प्रत्येक खट् ऐकताना श्वास धरून होते. आत्ता बंद पडेल, आत्ता पडेल. खालूबाजा वाजत होता, हळदीच्या वाट्यांवर माशा बसत होत्या, मांडवावरच्या जांभळीच्या डहाळ्या सुकून त्यांचा तुरट वास सुटला होता. लांबची लेन्स नव्हती, म्हणून मला शिरावं लागलं. बाप्यांच्या घोळक्यात, चुलीच्या धगीत, रडणाऱ्या मावश्यांच्या मधे. कुणी तरी म्हणालंच, "ही कोण मधे मधे?" नवरीची आई म्हणाली, "माझी मुलगी हाय, शिरू दे." नवरीच्या कपाळावरून हळदीचा ओघळ भुवईत शिरताना मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तो फोटो अजून त्यांच्या घरात आहे.

कॅमेरा बंद पडला नाही. पुढे पाचाडला गडाच्या पायथ्याशी जोडप्यांचे फोटो काढले, शिवथरच्या घळीत धबधब्याच्या तुषारांत पन्नासची ओली करून पुन्हा पुसली. बॉडी यथावकाश गेली, तिच्या जागी दुसरी आली, मग तिसरी. पोलादपूरला माझा स्टुडिओ झाला. लोक म्हणतात, हिचे फोटो जवळचे असतात. बाबा गेले. आणि या सगळ्या वर्षांत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ती गोष्ट सांगितली. जुनी लेन्स घेताना काय बघायचं हे शिकवायचं, आणि शेवटी सांगायचं, दासगावची एक बाई होती, पुराची लेन्स गळ्यात मारत होती, नवरा आंधळा असून त्याने मला वाचवलं. मुली हसायच्या. काही जणी ती बाई कशी पदर सारखा करायची, त्याची नक्कलही करायच्या. मीच करून दाखवलेली होती.

आता दासगावला रस्त्याकडेला कलिंगडं विकणाऱ्या बाईला त्या घराविषयी विचारलं तर तिने वर हात केला. "त्या काय, वर टेकाडावर ऱ्हातात आता. अण्णा नाय ना ऱ्हायले." मग परत निघणं झालं नाही. काय म्हणून चढले, सांगता येत नाही. बघावं तरी, असं काहीतरी मनात होतं. खरं सांगायचं तर ती बाई म्हातारपणी कशी दिसते ते मला बघायचं होतं.

स्लॅबचं छोटं घर. काकूंनी माझ्या गळ्यातला कॅमेरा आधी पाहिला, मग मला. "पोलादपूरची ना तू? बापाबरोबर आलेलीस." भिंतीवर अण्णांचा फोटो, सुकलेला हार. दोन पावसाळे झाले, म्हणाल्या. मी अण्णांचं चांगलं बोलले. त्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं, नाहीतर मी फसले असते, असंही बोलून गेले. बोलताना मला ठाऊक होतं की हे त्यांना लागणार, आणि लागावं अशीच माझी इच्छा होती.

काकू आत गेल्या आणि ती मोठी लेन्स घेऊन आल्या. माझ्या हातात दिली. मी दाराच्या उजेडाकडे धरली. एक धागा नव्हता, एक डाग नव्हता. इतक्या पावसाळ्यांनंतर.

"पाण्यात कधी गेलीच नव्हती ती," काकू म्हणाल्या. "पूर आला तेव्हा ती ह्यांच्या गळ्यात होती. माळ्यावर चढून बाजाराचे फोटो काढत बसलेले. दुकान बुडलं, ही तेवढी सुकी ऱ्हायली."

मी लेन्स खाली घेतली. "मग अण्णा असं का...?"

"द्यायची नव्हती त्यांना. सगळं जात चाललं, ही जाऊ नये वाटलं असंल. इकायचं नाव काढलं तर मलापण नको म्हणायचे. पण औषधं आणायची होती, मग तुझ्यासमोर 'देत नाय' कुठल्या तोंडानं म्हणतील?" काकू भिंतीला टेकून बसल्या. "रोज दुपारी मागायचे. खाडीकडं तोंड करून बसायचे, डोळ्याला लावायचे, रिंग फिरवायचे. म्हणायचे, पलीकडची होडी जवळ आली बघ. मी म्हणायची, हो, आली. होडी नसली तरी म्हणायची."

"तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? परक्या माणसांसमोर त्यांना खोटं पाडू? तुम्ही गेल्यावर रडले ते. म्हणाले, तुझ्यावर आलं गो. मी म्हटलं, येऊ दे. ती माणसं काय परत येणारेत?" त्यांनी लेन्सकडे पाहिलं. "पण तुझा बाप बोलला ते लागलं. आजपण कधी लागतं."

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. मुलींना सांगत आलेली गोष्ट, त्यांची नक्कलसुद्धा. न सांगून चाललं असतं, पण आता लपवायला तोंड उरलं नव्हतं. त्या ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "पदर असा करायची मी?" मी मान हलवली. "अजून करते," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

बाहेर ऊन कललं होतं. मी लेन्स परत त्यांच्या पुढ्यात ठेवली. "काकू, मला द्याल का ही? तुम्ही सांगाल ती किंमत."

त्यांनी मान वर केली. डोळे बारीक झाले. मी घासाघीस करीन म्हणून त्या थांबल्या, मी केली नाही. "सांगाल ती? असं कोण म्हणतं?" त्यांनी लेन्स उचलून मांडीवर घेतली. "बाजारात काय भाव हाय हिचा आता? तुला ठाऊक असंल."

"मी खरं सांगते. जुनी झालीय, फार नाही येणार. पण मी जास्त देईन."

"जास्त का?"

मी गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. बैलाचा मालक बघावा तशा, नीट, सावकाश.

"आज नको," शेवटी त्या म्हणाल्या. "महाडात दोघातिघांना इचारते मी. काय ते कळू दे. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी पाचाडला एका जोडप्याचं काम ठरलेलं होतं. टेकाड उतरता उतरता मी त्या जोडप्याला फोन केला आणि म्हटलं, परवा केलं तर चालेल का?